‘तिची बॅग’ यातला ‘ची’ कॅमेऱ्याला कसा कळणार?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मोठं बसस्थानक आणि त्याच्या आसपासचा परिसर, मिळून तीनशे कॅमेरे. माणूस, बॅग, गाडी ओळखणारं मॉडेल बसवलेलं आहे. तरीही ‘काल संध्याकाळी फलाटावर बॅग ठेवून कोण गेलं’ एवढं शोधायला दोन माणसं दिवसभर स्क्रीनसमोर बसतात. ऑन्टॉलॉजीने, म्हणजे कोणत्या गोष्टी आहेत, त्यांच्यात कोणती नाती आहेत आणि त्या शब्दांचा अर्थ काय हे यंत्राला वाचता येईल असं लिहून ठेवल्याने, हे सुटेल का? आणि चित्र आणि भाषा दोन्ही समजणारी मॉडेलं इतकी पुढे गेल्यावर ऑन्टॉलॉजीची गरज उरली आहे का?

सुटेल, आणि गरजही आहे. पण ऑन्टॉलॉजी म्हणजे वस्तूंच्या नावांचं मोठं झाड, असं समजून कामाला लागलात तर सहा महिन्यांनी हातात एक सुंदर आकृती असेल आणि ती दोन माणसं तशीच स्क्रीनसमोर बसलेली असतील. मी या कामात सोळा वर्षं आहे. पहिली दोन वर्षं मी अशाच आकृत्या काढल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो.

तुमचं मॉडेल नेमकं काय देतं ते आधी बघा. एका फ्रेमसाठी, म्हणजे चित्रणातल्या एका स्थिर चित्रासाठी, ते सांगतं: व्यक्ती, खात्री ०.८७, तिच्याभोवतीच्या चौकटीचे चार आकडे, वेळ. पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच. ट्रॅकर या चौकटी एकमेकींना जोडतो आणि म्हणतो, हा ट्रॅक ४१७. त्यात ‘ठेवली’ नाही, ‘निघून गेली’ नाही, आणि ‘तिची बॅग’ तर नाहीच. बाई दिसते, बॅग दिसते. मधला ‘ची’ दिसत नाही. शोधणाऱ्याचा प्रश्न मात्र नेहमी त्या ‘ची’चाच असतो. ऑन्टॉलॉजीचं काम तिथे सुरू होतं: कोणत्या दिसलेल्या गोष्टींवरून आपण ‘ची’ म्हणायचं, ते एकदा लिहून ठेवायचं.

या लिहून ठेवण्याचं मला आवडणारं उदाहरण २००६ सालचं आहे. कॅमेऱ्यातून माग काढणाऱ्या प्रणाली तपासण्याच्या ‘पेट्स’ या कार्यशाळेसाठी लंडनच्या व्हिक्टोरिया रेल्वे स्थानकात चार कॅमेऱ्यांनी सात प्रसंग चित्रित केले होते. सगळ्यांचा विषय सोडून दिलेलं सामान. संशोधकांनी चित्रणासोबत व्याख्याही दिली. बॅग घेऊन जो चित्रात येतो तो मालक. मालक दोन मीटरच्या आत असेल तर बॅगेकडे लक्ष आहे. तीन मीटरच्या पुढे गेला तर लक्ष नाही. दोन ते तीन मीटरचा पट्टा अधला-मधला, तिथे निर्णय नाही. लक्ष नसल्याच्या अवस्थेत तीस सेकंद गेले, मालक परतला नाही आणि दुसऱ्या कुणी बॅगेला हात लावला नाही, तर ती बेवारस. किती साधं आहे बघा! पण यामुळे जगभरच्या गटांना आपापली प्रणाली एकाच मापाने तपासता आली, आणि वाद ‘तुमचं मॉडेल चुकलं’ यावरून ‘तीस सेकंद योग्य की साठ’ यावर आला. पहिल्या वादातून काहीच निष्पन्न होत नाही. दुसरा वाद स्थानक प्रमुखाबरोबर बसून अर्ध्या तासात मिटतो.

हीच व्याख्या घेऊन आम्ही इकडच्या एका मोठ्या रेल्वे स्थानकावर गेलो आणि पहिल्याच दिवशी नियंत्रण कक्षात इशाऱ्यांचा पाऊस पडला. कारण फलाटावर उभं राहिलं की दोन मिनिटांत कळतं. एक बाई शेजारच्या अनोळखी बाईला म्हणते, “ताई, जरा बॅगेकडे बघाल का? पाणी भरून येते.” आणि जाते. शेजारीण मान डोलावते. मालकीण चाळीस मीटरवर नळापाशी, पाच मिनिटं. व्याख्येप्रमाणे बॅग बेवारस. प्रत्यक्षात तिच्यावर चोख पहारा आहे.

व्हिक्टोरियाच्या सात प्रसंगांतला एक याच्या बरोबर उलटा आहे. सुटकेस घेऊन आलेला माणूस दुसऱ्याला भेटतो, दोघं बोलतात, पहिला सुटकेस तिथेच ठेवून निघून जातो. दुसरा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला, त्याचं लक्षच नाही. अंतर मोजलं तर हा प्रसंग आणि आमच्या पाणी भरायला गेलेल्या बाईचा प्रसंग सारखेच: मालक लांब, दुसरी व्यक्ती बॅगेजवळ. अर्थ मात्र दोन टोकांचे.

इथे मॉडेल आणखी मोठं करून भागत नाही. नातं वेगळं करावं लागतं. आम्ही एका ‘मालकी’चे तीन तुकडे केले. ‘आणली’ म्हणजे बॅग चित्रात कुणाबरोबर आली. ‘ताबा’ म्हणजे आत्ता ती कुणाच्या हातात आहे. ‘राखण’ म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवायचं कुणी कबूल केलंय असं दिसतं. राखण कशावरून मानायची? मालकीण निघण्याच्या अगदी आधी दोघी एकमेकींकडे तोंड करून काही सेकंद जवळ होत्या का, आणि ती गेल्यावर दुसरी जागची हलली नाही ना, यावरून. हा अंदाजच आहे, म्हणून राखण ठरली तरी इशारा दाबायचा नाही. त्याचा अग्रक्रम खाली आणायचा आणि कारण सोबत लिहायचं: ‘ट्रॅक ४२२ राखणीला असण्याची शक्यता, कारण निघण्यापूर्वी सहा सेकंदांचा संवाद’. कक्षातला माणूस ते वाचतो, दहा सेकंदांची क्लिप बघतो आणि ठरवतो.

ताबा वेगळा काढण्याचा फायदा हमालांच्या बाबतीत लगेच दिसला. लाल सदऱ्यातला हमाल बॅग उचलून चालू लागतो. ‘आणली’ प्रवाशाने, ‘ताबा’ हमालाकडे. दोन्ही नाती एकच मानली असती तर दर हमालामागे एक चोरी नोंदली गेली असती. इथेच एक पथ्य सांगतो, ते पुढे फार उपयोगी पडेल. ‘व्यक्ती’ हा प्रकार आहे, तो माणसाला जन्मभर लागू असतो. ‘हमाल’, ‘प्रवासी’, ‘राखणदार’ या भूमिका आहेत, त्या ठरावीक वेळेपुरत्या असतात. भूमिकांना व्यक्तीचे उपप्रकार केलंत की हमाल संध्याकाळी स्वतः तिकीट काढून गावी निघाला तेव्हा तुमची मांडणी गडबडते. भूमिकेला सुरुवात आणि शेवट द्या.

आता ज्यात बहुतेकांचं घोडं अडतं ती गोष्ट. ‘बेवारस’ हा शब्दच नकारात्मक आहे: जवळ कुणी नाही. ऑन्टॉलॉजी लिहायची प्रचलित भाषा आऊल, २००४ पासून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचं मानक, नकाराच्या बाबतीत आपल्या मनासारखी वागत नाही. ती खुलं जग मानते. नोंद नाही म्हणजे घडलं नाही, असं ती म्हणणार नाही. ‘माहीत नाही’ असं म्हणेल. नवशिके यावर चिडतात, आणि मग सगळं डेटाबेससारखं बंद जग मानून चालतात. दोन्हीकडे धोका आहे. बॅगेजवळ कुणाची नोंद नाही, याची कारणं दोन असू शकतात: खरोखर कुणी नव्हतं, किंवा खांबाआड कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

आमच्या इथे हेच झालं होतं. फलाटावरच्या एका खांबामागे साधारण दीड मीटरचा आंधळा पट्टा होता. एक म्हातारे गृहस्थ आपल्या ट्रंकेला टेकून त्या पट्ट्यात बसले होते. ट्रंकेचा कोपरा दिसत होता, गृहस्थ दिसत नव्हते. प्रणालीने ट्रंक बेवारस ठरवली, जवान धावत गेले, आणि त्या आजोबांना सगळ्यांसमोर उठवून कोण-कुठले विचारलं गेलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चूक त्या जवानांची नव्हती, माझ्या मांडणीची होती.

तेव्हापासून मी प्रत्येक कॅमेऱ्याचं ‘दिसण्याचं क्षेत्र’ ऑन्टॉलॉजीत घालतो. जमिनीवरचा कोणता भाग तो बघतो, कोणता खांबाआड जातो, कोणत्या वेळी समोरच्या उन्हामुळे निकामी होतो, कधी बंद होता. मग ‘जवळ कुणी होतं का’ या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात: होतं, नव्हतं, आणि ‘तिथे बघायची सोय नव्हती’. नकार मी आऊलच्या अनुमानावर सोडत नाही. स्पार्कल ही अशा नोंदींना प्रश्न विचारायची भाषा; तिच्यातल्या प्रश्नात ‘अशी नोंद अस्तित्वात नाही’ ही अट स्पष्ट लिहितो आणि तिच्याच शेजारी ‘आणि हा भाग त्या वेळी कॅमेऱ्याच्या नजरेत होता’ ही दुसरी. दुसरी अट नसेल तर पहिलीला काही अर्थ नाही.

वेळेचंही असंच. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन कालखंडांमधली तेरा नाती मांडली: आधी, लागून, अंशतः एकमेकांवर, आत, एकाच वेळी सुरू वगैरे. घटना सांगायला ही तेरा पुरतात, त्यात नवीन शोध लावू नका. अडचण कॅमेऱ्यांच्या घड्याळांची असते. आमच्या एका प्रसंगात फाटकावरच्या कॅमेऱ्याप्रमाणे एक व्यक्ती ६ वाजून १२ मिनिटं १० सेकंदांनी बाहेर गेली. फलाटावरच्या कॅमेऱ्याप्रमाणे तीच व्यक्ती ६:१२:३५ ला बॅग ठेवत होती. अनुमान करणाऱ्या इंजिनाने सरळ निष्कर्ष काढला की बाहेर गेलेला माणूस बॅग ठेवूच शकत नाही, आणि बॅग शेजारून जाणाऱ्या भलत्याच माणसाच्या नावावर लावली. फाटकाचा कॅमेरा चाळीस सेकंद मागे होता, बस. म्हणून आधी सगळी उपकरणं एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) एका घड्याळाला बांधा. आणि जुन्या फुटेजसाठी प्रत्येक कॅमेऱ्याला ‘घड्याळाची चूक, जास्तीत जास्त इतकी’ असा गुणधर्म द्या. दोन घटनांमधलं अंतर दोन्ही कॅमेऱ्यांच्या चुकांच्या बेरजेपेक्षा मोठं असेल तरच ‘आधी’ म्हणायचं. नाहीतर ‘क्रम अनिश्चित’ लिहायचं आणि तसंच दाखवायचं.

वर मी ‘तीच व्यक्ती’ म्हणालो, तेही सहज म्हणायचं नाही. दोन कॅमेऱ्यांतले दोन ट्रॅक एकाच माणसाचे आहेत, हे पेहरावावरून आणि अंगलटीवरून मॉडेल सांगतं, आणि ते चुकतं. आषाढी वारीत पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेल्या हजारो माणसांवर ते चालवून बघा म्हणजे कळेल. आऊलमध्ये ‘दोन्ही एकच’ असं सांगणारा एक सोपा दुवा आहे, सेमॲज. तो इथे वापरू नका, अगदी खात्री वाटली तरी. तो सांसर्गिक आहे. अ म्हणजे ब, ब म्हणजे क असं लागलं की अ म्हणजे क आपोआप होतं, आणि एका चुकीच्या जोडणीने पाच माणसांचा इतिहास एका माणसाच्या माथी बसतो. त्याऐवजी ‘ओळख-अंदाज’ ही स्वतंत्र वस्तू करा. तिला दोन ट्रॅक, खात्रीचा आकडा, कोणत्या मॉडेलच्या कोणत्या आवृत्तीने सांगितलं, आणि कुणी माणसाने तपासलं का, हे सगळं जोडा. उगमाच्या नोंदींसाठी प्रोव्ह-ओ ही २०१३ची शब्दावली तयार आहे. निरीक्षणांसाठी सोसा, काळासाठी आऊल-टाइम, दोन्ही २०१७ पासून मानक. हे फुकट मिळतं, ते पुन्हा लिहित बसू नका. तुमची मेहनत ‘राखण’सारख्या शब्दांवर खर्च व्हायला हवी, जे बाहेर कुणी लिहिलेले नाहीत.

आकाराबद्दल एकच सांगतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका कॅमेऱ्याच्या दिवसाला २१ लाख ६० हजार होतात, तीनशे कॅमेऱ्यांच्या ६४ कोटी ८० लाख. प्रत्येक चौकट ट्रिपल (‘हे – या नात्याने – त्याला जोडलेलं’ अशी तीन भागांची नोंद) करून ग्राफमध्ये, म्हणजे अशा नोंदींच्या जाळ्यात, ओतलीत तर आठवड्यात सगळं ठप्प होईल. चौकटी आणि आकडे पोस्टग्रेससारख्या साध्या डेटाबेसमध्ये राहू द्या. ग्राफमध्ये फक्त ट्रॅक, घटना, नाती आणि मूळ फुटेजच्या वेळेचे दुवे.

आता नव्या मॉडेलांबद्दल. ओपनएआयचं क्लिप हे चित्र आणि वाक्य जुळवणारं मॉडेल २०२१ मध्ये आलं आणि ‘लाल छत्री घेतलेली बाई’ असं लिहून चित्र शोधणं एकदम सोपं झालं. मीही रोज वापरतो. दिसण्याच्या प्रश्नांना याहून चांगलं काही नाही, आणि छत्र्यांचे सत्तर उपप्रकार ऑन्टॉलॉजीत लिहिण्याची गरज त्याने कायमची संपवली, हे फार चांगलं झालं. पण ‘छत्री जिने ठेवली तीच पाच मिनिटांनी परत आली का’ हा प्रश्न एका चित्राचा नाही. क्रम, मोजणी, कोण-कुणाचं, आणि ‘नव्हतं’, या चार गोष्टींवर अशा मॉडेलांचं उत्तर छान वाक्यात येतं, पण त्यावर विसंबता येत नाही. हालचाली ओळखणं मुळातच किती अवघड आहे ते अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या ट्रेकव्हिड या व्हिडिओ-शोधाच्या चाचणीत दिसलं होतं. २००८ पासून अनेक वर्षं लंडनच्या गॅटविक विमानतळाच्या फुटेजवर ‘धावणं’, ‘वस्तू ठेवणं’, ‘मिठी मारणं’, ‘फोन कानाला लावणं’ अशा घटना शोधायच्या होत्या. माणसाला एका नजरेत कळणाऱ्या या गोष्टींनी गर्दीत भल्याभल्या गटांना दमवलं.

म्हणून आमची आजची मांडणी अशी आहे. दिसण्याचा भाग मॉडेल शोधतं, नात्यांचा आणि काळाचा भाग ग्राफ. कक्षातली ताई मराठीत प्रश्न टाइप करते. भाषा-मॉडेल त्याचा स्पार्कल करतं, पण शब्द फक्त आमच्या ऑन्टॉलॉजीतलेच वापरायची त्याला मुभा आहे. आणि प्रश्न चालवण्याआधी तिला परत मराठीत दाखवलं जातं: ‘मी असं समजलो: फलाट दोन, काल पाच ते आठ, बॅग ठेवणारी व्यक्ती तीन मीटरपेक्षा दूर, दोन मिनिटांहून जास्त, राखण दिसत नाही. बरोबर?’ ती ‘दोन’चं ‘पाच’ करते आणि शोध चालतो. तुमच्या त्या दोन माणसांचा दिवस वाचतो तो या एका टप्प्यामुळे.

एक शब्द तुमच्या ऑन्टॉलॉजीत कधीही घालू नका: ‘संशयास्पद’. विक्रेते तो आग्रहाने विकतात. त्याची मोजता येण्यासारखी व्याख्या नाही. ज्यांनी व्याख्या केली त्यांची शेवटी ‘बराच वेळ एका जागी रेंगाळणारी व्यक्ती’ अशी होते. आमच्या स्थानकांवर आणि बसस्थानकांवर बराच वेळ कोण रेंगाळतं? ज्याची शेवटची गाडी चुकली तो, कामाच्या शोधात गावाहून आलेला, ज्याला झोपायला दुसरी जागा नाही तो. त्यांच्या डोक्यावर प्रणालीने लाल चौकट काढायची, आणि ती कशावरून हे कुणाला सांगताही येणार नाही, हे मला मान्य नाही. ‘चाळीस मिनिटं एका जागी थांबली’ ही घटना लिहा, ती खरी आहे. संशय आला तर तो माणसाने घ्यावा, स्वतःच्या नावाने आणि वेळेसकट नोंदवावा. निरीक्षण वेगळं, अर्थ वेगळा, आणि अर्थ लावणारा कोण ते तिसरं. हे तिन्ही वेगळे ठेवलेत तर चूक कुठे झाली ते मागे जाऊन सापडतं. आमच्या आजोबांच्या बाबतीत ते वीस मिनिटांत सापडलं होतं, आणि त्यामुळेच तो खांब नकाशावर आला.

कायद्याची बाजू थोडक्यात. ग्राफमधली नोंद हा पुरावा नाही, ती पुराव्यापर्यंत नेणारी खूण आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीत अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आले की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायची वेळ आली होती. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून हाच विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलमधून काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, नोंदवावा लागतो. तेव्हा मूळ फाइलचा हॅश रेकॉर्डिंग होतानाच घ्या आणि प्रत्येक घटनेला तो जोडा. नंतर घेतलेल्या हॅशने मधल्या काळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सुरुवात कुठून करायची? प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी लिहायचं सॉफ्टवेअर उघडू नका. एक वही घेऊन आठवडाभर नियंत्रण कक्षात बसा आणि तिथली माणसं फुटेज का शोधतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात एकेचाळीस प्रश्न आले होते. त्यात ‘बॅग कुणाची’चे निरनिराळे प्रकार तेरा, ‘हरवलेलं मूल शेवटचं कुठे दिसलं’चे सहा. गाडीच्या रंगाचा एकच. आम्ही त्याआधी तीन महिने गाड्यांच्या प्रकारांवर घालवले होते. त्या एकेचाळीसमधले पाच निवडा, ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत असे. ते पाच सुटायला जेवढे शब्द आणि जेवढी नाती लागतील तेवढीच लिहा; आमची बावीस झाली होती. मग सहावा प्रश्न घ्या.

आणि फलाटावर जाऊन खांब मोजा.